नववी पट्टी

आमच्या विभागात जूरा एजेबद्दल जे काही बोललं जायचं, त्यात 'आगाऊ' हा सगळ्यात सौम्य शब्द होता. आमच्याकडे मोठ्या बाईला एजे म्हणतात, ताईसारखं. मी इल्होम. ओशच्या त्याच रुग्णालयात, कान-नाक-घशाच्या ऑपरेशन थिएटरात, बावीस वर्षं भूल देतोय, आणि त्यातली अठरा वर्षं ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. तेव्हा तिच्याबद्दल कोणी लिहायचंच तर मी लिहावं. शिवाय मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय करता येत नाही.

ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. साबणाने धुऊन धुऊन हात कोपरापर्यंत लाल झालेले. पुढचे दोन दात सोन्याचे, त्यामुळे ती हसली की आधी दात दिसायचे आणि मग कळायचं की ती आपल्यालाच हसतेय. अलायच्या डोंगरातलं गाव तिचं. बाप मेंढ्या राखायचा आणि उरलेला वेळ तोगुझ कोर्गोल खेळायचा. नऊ खळग्या, खळगीत नऊ-नऊ गोट्या, आणि सगळा खेळ मोजणीचा. दहा वर्षांची असताना ही गावातल्या म्हाताऱ्यांना हरवायची. म्हातारे बापाला म्हणायचे, पोरीला खेळायला बसवू नकोस, शोभत नाही. बाप ऐकून घ्यायचा, आणि ही जाऊन बसायची.

थिएटरात तिचं काम हत्यारं हातात देण्याचं. नाकात मांस वाढतं, ते दुर्बिणीतून काढायचं असतं. सर्जन नाकात बघतच नाही, समोरच्या पडद्यावर बघतो. जागा केवढीशी! एका बाजूला डोळा, वर मेंदू, आणि मध्ये नखाएवढ्या जाडीचीही नसलेली हाडं. रक्त आलं की पडदा लाल होतो आणि लाल पडद्यावर डोळा कुठे, नाक कुठे, काही कळत नाही. मग औषधात भिजवलेल्या गॉझच्या बोटभर पट्ट्या आत ठेवायच्या, थांबायचं, काढायच्या. पट्टीच्या टोकाला दोरा असतो. आत किती गेल्या आणि बाहेर किती आल्या, याचा हिशेब जूरा एजेकडे.

काही वर्षांपूर्वी वरून एक छापील कागद आला. ऑपरेशनच्या वेळी रक्त किती आणि दिसतंय किती, याला शून्य ते पाच असा आकडा द्यायचा. दोन म्हणजे मधूनमधून सक्शनची नळी लावली की काम चालतं. चार म्हणजे नळी बाजूला केली की त्याच क्षणी पुन्हा तळं. पाच म्हणजे हात थांबवा आणि अल्लाचं नाव घ्या. खाली तीन सह्या: सर्जन, भूल देणारा, हत्यारं देणारी.

आमचे विभागप्रमुख एर्गेश कामिलोविच. त्यांच्या हाताला तोड नाही, हे मी आजही म्हणेन. मला विद्यार्थी असताना त्यांनीच शिकवलं. पण त्यांचा आकडा ठरलेला होता. दोन. सगळ्या फाइली उपसा, दोनाशिवाय दुसरं काही सापडणार नाही. एकदा मी भीतभीत म्हटलं, "कालच्या केसला जरा जास्तच होतं, नाही?"

"इल्होम," ते म्हणाले, "ज्याला पेशंटचं बीपी उतरवता येत नाही, त्याने आकड्यांवर बोलू नये."

हे आम्हा भूलवाल्यांचं नशीब. सर्जनला रक्त दिसलं की त्याला पहिल्यांदा आम्हीच आठवतो.

आमच्याकडे दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या कापडाभोवती बसल्यावर, सगळ्यात ज्येष्ठ माणसाने नान मोडल्याशिवाय कोणी हात पुढे करत नाही. चांगली रीत आहे, माझ्या मुलांनाही मी ती शिकवली. घोळ एवढाच झाला की आम्ही ती थिएटरातही आणली. ज्येष्ठ बोलेपर्यंत कोणी बोलायचं नाही, आणि ज्येष्ठ बोलले की दोन.

जूरा एजेने याला हात घातला तो तिच्या पद्धतीने. रक्ताने भरलेली पट्टी बाहेर आली की ती ट्रेच्या एका कडेला मांडायची. एकीशेजारी एक, नऊची ओळ. वर भिंतीवर घड्याळ. तिचं गणित साधं होतं. दहा मिनिटांत नऊची ओळ भरली की चार. पाच-सहा झाल्या तर तीन. दोन-तीनच आल्या तर दोन. बरीच वर्षं ती हे मनातल्या मनात करत होती. एके दिवशी ओळ भरली आणि ती मोठ्याने म्हणाली, "चार."

एर्गेश कामिलोविचनी पडद्यावरची नजर काढली नाही. "काय चार?"

"रक्त."

"तुझं काम पट्ट्या मोजायचं, जूरा. रक्त मोजायचं नाही."

"पट्ट्याच मोजल्या," ती म्हणाली. "त्या कशाने भरल्यात ते तुम्ही बघा."

त्या दिवशी मी मास्कच्या आत हसलो. मास्कच्या आत हसणं हा त्या काळातला माझा सगळ्यात मोठा पराक्रम.

त्यानंतर ती थांबलीच नाही. प्रत्येक ऑपरेशनला आकडा मोठ्याने सांगायची आणि कागदावर स्वतःच्या सहीशेजारी तोच आकडा बारीक अक्षरात लिहायची. एर्गेश कामिलोविचनी आधी दुर्लक्ष केलं, मग टोमणे मारले, मग स्पष्टच सांगितलं, "आणखी एकदा तोंड उघडलंस तर खाली तळमजल्यावर पाठवीन, हत्यारं उकळायला." ती म्हणाली, "पाठवा. तिथेही मोजीनच." पण थिएटरातली जागा म्हणजे तिचं सगळं आयुष्य होतं. नवरा कधीच गेला होता, मुलगी लग्न होऊन दूर जलालाबादला. तळमजल्याचं नाव निघालं की ती जरा जास्तच जोरात बोलायची, आणि मी एवढी वर्षं तिच्या शेजारी उभा असल्यामुळे मला ते कळायचं.

मग तोख्ताखान आली.

ऑगस्ट संपत आला होता. तोख्ताखान बाजारात तंदूर लावायची, पन्नाशीची उझबेक बाई, हातांवर भाजल्याच्या खुणाच खुणा. नाक दोन्ही बाजूंनी बंद, वास गेलेला. "नान जळली की गिऱ्हाईक सांगतं मला," ती म्हणाली. "तीस वर्षं नान लावतेय आणि गिऱ्हाईक मला शिकवतंय!" मी नेहमीचे प्रश्न विचारले. काही गोळ्या घेता? "मी आणि गोळी? आयुष्यात नाही." मी लिहिलं: औषध नाही. तिचं बीपी उत्तम, रक्ताच्या तपासण्या उत्तम.

डावी बाजू आधी घ्यायची ठरली. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग सुरू झालं. नळी लावली की हटायचं, काढली की भरायचं.

"बीपी!" एर्गेश कामिलोविच कडाडले.

"वरचं अठ्ठ्याऐंशी."

"उतरव."

"याहून खाली नेलं तर मेंदूला पुरणार नाही."

"मग हे काय माझ्या नाकातून येतंय?"

मी डोक्याकडची बाजू आणखी उंच केली, नाडी मंद करणारं औषध थोडं वाढवलं. नाडी अठ्ठावन्न. करण्यासारखं आणखी काही नव्हतं. जूरा एजे पट्ट्या देत होती, घेत होती. पाचवी. सहावी. ओळ वाढत होती आणि मी पडद्याऐवजी त्या ओळीकडेच बघायला लागलो होतो.

"चार," ती म्हणाली. "नववी पट्टी. रक्त सुरू झाल्यापासून अजून दहा मिनिटंही झाली नाहीत."

एर्गेश कामिलोविचनी नळी आत धरली, हात पुढे केला. "तोडायचा चिमटा. बारीक."

तिने दिला नाही.

"जूरा. चिमटा."

"नाही."

बावीस वर्षांत त्या खोलीत हा शब्द मी ऐकला नव्हता.

"पडद्यावर काय दिसतंय तुम्हाला?" तिने विचारलं. "मला लाल दिसतंय. इल्होमला लाल दिसतंय. तुम्हाला वेगळं दिसत असेल तर सांगा, मी लगेच देते."

"माझ्या हाताला वाट माहीत आहे. हजार नाकं केलीत मी."

"ती हजार माणसं घरी गेली. ही तोख्ताखान आहे. दिसत नाही तिथे मी धारेचं हत्यार देणार नाही."

"बाहेर जायचं असेल तर दार तिकडे आहे."

"जाते. ट्रे घेऊन जाते."

आणि खरंच तिने ट्रेच्या दोन्ही कडा धरल्या. मी काय केलं? काही नाही. बीपीच्या आकड्याकडे असं बघत बसलो, जणू मला तो वाचता येत नव्हता. मग ती माझ्याकडे वळली. "इल्होम, तुझे हात रिकामे आहेत. हातमोजे चढव आणि डोळा दाब."

हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच तर डोळा कापडाने झाकत नाहीत. शंका आली की वरून हलकेच दाबायचा आणि पडद्यावर बघायचं. नाकातलं मांस हलत नसतं. हललं, तर ते नाकातलं नव्हे. मी एर्गेश कामिलोविचकडे पाहिलं. त्यांनी नळी आत धरूनच ठेवली. मी मोजे चढवले. एवढे सावकाश मी आयुष्यात कधी चढवले नसतील.

नळीने क्षणभर जागा मोकळी केली आणि मी दाबलं. चिमटा जिथे जाणार होता, नेमका तिथेच एक फिकट पिवळसर ठिपका हलला. मी बोट उचललं, तो थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा हलला. डोळ्याच्या बाजूचं हाड तिथे आधीच फुटून डोळ्यामागची चरबी बाहेर आली होती, आणि रक्ताखाली ते कुणालाच दिसलं नव्हतं. पुढचा घास डोळ्याचाच जाणार होता.

एर्गेश कामिलोविचनी दुर्बीण बाहेर काढली. मग म्हणाले, "पट्ट्या भरून नाक पॅक करा. थांबतोय."

तोख्ताखान शुद्धीवर आली तेव्हा जूरा एजे तिच्या तोंडासमोर तीन बोटं धरून उभी होती. डावा डोळा काळानिळा, पण उघडत होता. दुसरा डोळा एजेने हाताने झाकला.

"किती?"

"तीन," तोख्ताखान पुटपुटली. "तू कोण गं?"

"पट्ट्या मोजणारी," एजे म्हणाली, आणि लगेच पाठ फिरवून बाहेर गेली. बाहेर पाण्याच्या नळाशी ती रडली. मी पाहिलं. तिने मला पाहताना पाहिलं आणि म्हणाली, "जा ना, बीपी बघ कुणाचं तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेलो तर ती तोख्ताखानच्या खाटेशी, आणि समोर तीन लिटरची काचेची बरणी. टोमॅटो, बडीशेपेच्या काड्या, लसूण. सुनेने घरून आणली होती.

"झाकण कधी लावलंस?" एजे सुनेला विचारत होती.

"दोन आठवडे झाले."

"अ‍ॅस्पिरिन किती घातल्या?"

"तीन. बरणीला तीनच घालतात ना? नाहीतर बुरशी येते."

"आणि हे पाणी पितं कोण?"

"मीच," तोख्ताखान खाटेवरून म्हणाली. "रोज सकाळी मोठा पेला. तंदूरची उष्णता उतरते. का गं, वाईट आहे का?"

माझ्या घरी, त्या क्षणी, अशा अकरा बरण्या होत्या. बायकोने त्यातही तीन-तीनच घातल्या होत्या. ओशमध्ये घालत नाही असं घर दाखवा मला. पण गोळी म्हणजे जी घशाखाली गिळतात ती; बरणीत पडते ती गोळी नव्हे, ते लोणचं. बाई खोटं बोलली नव्हती. मीच अर्धवट विचारलं होतं. तेवढ्याने रक्त इतकं पातळ होतं का, यावर डॉक्टर लोक वर्षभर भांडतील. मी मात्र तेव्हापासून प्रत्येक पेशंटला बरण्यांबद्दल विचारतो, आणि पेशंट मला वेड्यात काढतात.

दुपारी एर्गेश कामिलोविचनी मला आणि एजेला खोलीत बोलावलं. बरणीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि चेहरा खुलला होता. चहा ओतून त्यांनी स्वतःच्या हाताने पेले आमच्यापुढे ठेवले. कागद तयार होता. रक्तस्राव: दोन. ऑपरेशन थांबवण्याचं कारण: पेशंटने घरगुती अ‍ॅस्पिरिन घेतल्याचं उघड.

"म्हणजे कुणाचीच चूक नाही," ते म्हणाले. "तुझीही नाही, इल्होम. सही करा. जूरा, तू तो बारीक आकडा नको लिहूस, आणि कालचं मी विसरलो. तुझी जागा तुझी."

मी सही केली. हीच ती कबुली. काल ज्या बोटाने मी तो डोळा दाबला होता, त्याच बोटांत पेन धरून 'दोन'च्या खाली मी सही केली. वर मनात म्हणालो, चला, निदान बीपीचं खापर तरी माझ्या डोक्यावर फुटलं नाही.

जूरा एजेने चहाला हात लावला नाही.

"रक्त का आलं, ते बरणीने सांगितलं," ती म्हणाली. "रक्त आल्यावर तुम्ही चिमटा का मागितलात, ते बरणी सांगणार नाही."

"जूरा, मी तुला वाचवतोय."

"मला नाही. त्या दोनाला वाचवताय." तिने कागद ओढला. सहीच्या शेजारी या वेळी बारीक नाही, चांगला ठळक चार काढला, आणि त्याखाली लिहिलं: नऊ पट्ट्या, आठ मिनिटं. पेन टेबलावर ठेवलं. जाताना माझ्या सहीकडे एकदा पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारपासून ती तळमजल्यावर गेली. वाफेच्या मोठ्या भांड्यांशेजारी, जिथे खिडकीही नाही. मी तिला भेटायला गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार?

महिन्याने तोख्ताखान उजव्या बाजूसाठी परत आली. बरण्यांना हात लावला नव्हता. डोळा ठणठणीत, आणि डाव्या नाकपुडीतून अंधूक का होईना वास यायला लागला होता. टेबलावर चढायची वेळ आली तेव्हा तिने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. "ती पट्ट्यावाली कुठाय? ती असेल तर झोपते. नसेल तर ही मी चालले तंदूरवर."

एर्गेश कामिलोविचनी समजावलं, दटावलं, नव्या नर्सचं कौतुक केलं. तोख्ताखान म्हणाली, "कौतुक तुम्ही घरी करा. नाक माझं आहे." शेवटी खाली निरोप गेला. एजे आली, हात धुतले, जागेवर उभी राहिली. तासाभराच्या कामात दहा मिनिटांना दोन, फार तर तीन पट्ट्या. तिने मोठ्याने सांगितलं, "दोन." आणि थोडं थांबून, "खरंच दोन."

कुणीतरी मास्कच्या आत खोकलं. ऑपरेशन संपलं, तिने हातमोजे उतरवले आणि कुणी सांगायच्या आत पुन्हा खाली निघून गेली. परत बोलावणं आलं नाही. तिनेही कधी मागितलं नाही. एर्गेश कामिलोविच आजही प्रमुख आहेत, आणि कागदावर आजही बहुतेक वेळा दोनच असतो.

बहुतेक वेळा म्हणतो, कारण परवाच्या बुधवारी एका म्हाताऱ्याची केस होती. रक्त चढत गेलं. नवी नर्स पट्ट्या एका भांड्यात नुसत्या टाकत होती. मी उठलो, रिकामा ट्रे ओढला आणि तिला म्हटलं, ओळीत मांड. नऊ झाल्या. घड्याळात दहा मिनिटंही झाली नव्हती. दहावी आली. अकरावी आली. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "चार आहे. थांबा."

एर्गेश कामिलोविचचा हात थांबला. "तुला कुणी विचारलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "पण चार आहे. आणि सही मी चारावर करणार आहे."

ते थांबले. पंधरा मिनिटं पट्ट्या आत ठेवून आम्ही घड्याळ बघत उभे राहिलो, मग उरलेलं काम दिसेल तेवढंच केलं. कागदावर मी चार लिहिला. अक्षर वाकडं आलं, पण आकडा वाचता येतो.

जेवणाच्या सुट्टीत मी पहिल्यांदा तळमजल्यावर गेलो. जूरा एजे वाफेच्या भांड्यातून हत्यारं काढून कापडावर मांडत होती. नऊ-नऊच्या ओळीत. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, एका दमात. सहीचंही बोललो, त्या पहिल्या सहीचं. तिने मान वर केली नाही.

"ओळ भरल्यावर आणखी किती आल्या?" तिने विचारलं.

"दोन. अकराव्याला बोललो."

तिने हातातला चिमटा उजेडाकडे धरून पाहिला आणि ओळीत ठेवला. मग सोन्याचे दात दिसले.

"मग दोन पट्ट्या उशिरा बोललास," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नवव्याला."